बर्फावरची परीक्षा

आखातातल्या सीफच्या एका मॉलमध्ये स्की शिकवायचा फिरता गालिचा होता. उतारावर बसवलेला तो गालिचा खालून वर सरकत राहायचा आणि शिकणारा त्यावर जागच्या जागी घसरायचा. खेडचा वकार तिथे अकरा वर्षं शिकवत होता. खरा बर्फ त्याने कधी पाहिला नव्हता.

यंदा विमा कंपनीने कळवलं की शिकवणाऱ्याकडे सर्टिफिकेट हवंच. परीक्षा जॉर्जियाच्या डोंगरात होती. वकारबरोबर आतिकाही गेली. सीफजवळच्याच सनाबिसला वाढलेली ही तेवीस वर्षांची मुलगी त्याच्याच हाताखाली तयार झाली होती.

शिकवण्याच्या परीक्षेत वकार सगळ्यांत पुढे होता. घाबरलेल्या एका बाईला त्याने तासाभरात वळायला आणि थांबायला शिकवलं. पण मोठ्या उतारावर वेग वाढला, खाली दरी दिसली आणि त्याचं अंग मागे गेलं. 'नडग्या बुटांवर दाबा, पुढे झुका,' हे तो रोज सांगायचा. आता त्यालाच ते जमेना. तो तीनदा पडला.

परीक्षक बाई म्हणाल्या, "शिकवता फार छान. पण विद्यार्थ्याला डोंगरावरून खाली आणायचं, तर आधी स्वतःला उतरता आलं पाहिजे."

"बरोबर आहे," वकार म्हणाला. त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, तेच त्याला जास्त लागलं.

आतिका पास झाली.

परतल्यावर मॅनेजरने सांगितलं, वकारचा व्हिसा महिनाअखेर कॅन्सल होईल. त्याची जागा आतिकाला. तिने त्याला बूट ठेवायच्या खोलीत गाठलं.

"चाचा, आय विल रिफ्यूज. मला नको ही नोकरी."

"तू नाही म्हणालीस तर बाहेरून कोणी आणतील. मला ठेवणार नाहीत. खलास."

ती रडायला लागली. त्याने तिला मोबाइल काढायला लावला. "लिहून घे. साद पायांकडे बघतो, त्याला समोर बघायला लाव. मुनीराच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दुखतंय म्हणाली की लगेच थांबव." सतरा विद्यार्थ्यांचं त्याने असं एकेक सांगितलं.

आता खेडला तो भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसतो. मागच्या महिन्यात आतिकाने व्हिडिओ पाठवला. एक नवी मुलगी आधाराशिवाय वळत होती. 'खांदे सैल सोडायला सांग,' असं त्याने लिहिलं, मग पुसलं आणि नुसतं 'शाबास' पाठवलं.

"कोणाचा मेसेज?" बायकोने, नाझिशने विचारलं.

"कामावरचा," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाला टाइल्स दाखवायला उठला.