खरवडलेली लाल चिठ्ठी

मी एक जुनी कारसीट आहे. लहान मुलांना मोटारीत पट्ट्यांनी बांधून बसवतात ना, ती. सध्या माझा मुक्काम माळ्यावर, एका मोडक्या टेबलफॅनच्या शेजारी. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार गोड बोलतात असं ऐकून आहे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. साडेचार वर्षं माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे, आणि आज मी सगळं बोलणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझे पट्टे ओढून पाहिले, बक्कल शंभर वेळा उघडलं आणि लावलं. मग माझ्या कुशीवर एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, की ही सीट मोटारीत चालते आणि विमानातही चालते. माझा सगळा तोरा त्या चिठ्ठीवर होता. दुकानात टिल्लीच्या आईने ती दोनदा वाचली आणि मगच मला उचललं.

घरात मात्र माझं स्वागत काय झालं म्हणून सांगू! बाबांनी नाक मुरडलं. "केवढं हे धूड! गाडीत आणखी कोणी बसायचं की नाही?" आजी, म्हणजे बाबांची आई, लांबूनच म्हणाली, "मूल माणसाच्या मांडीवर शोभतं. हे काय, गाठोडं आवळल्यासारखं!" आणि टिल्ली? तिने पहिल्याच दिवशी मला लाथ मारली आणि माझा पट्टा चावला. तिच्यावर माझा राग नाही. ती एक वर्षाची होती. बाकीच्यांना काय झालं होतं?

सहा महिन्यांनी सगळ्यांचं विमानाने जायचं ठरलं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवता येतं, पण आईने टिल्लीसाठी खिडकीजवळची वेगळी जागा घेतली. त्यावरून आठवडाभर धुसफूस चालली. "कोपऱ्यापर्यंत जाताना आपण तिला बांधतो," आई म्हणाली, "आणि आकाशात नुसती हातात धरायची?" बाबा चिडले.

आता आजीची एक सवय ऐका. घरात आलेल्या वस्तूवर दुकानातली चिठ्ठी दिसली की तिला चैन पडत नसे. बरण्या, डबे, पातेली, बादल्या, कशाचीही सुटका नाही. तेल चोळायचं, बोथट सुरीने खरवडायचं आणि वर म्हणायचं, "आता कशी घरातली झाली." सहा महिने गाडीतच असल्याने मी तिच्या तावडीतून वाचले होते; निघायच्या आदल्या दिवशी मात्र तिने माझं कापड धुवायला काढलं. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. तो आणायला दहा पावलं लागली असती. तिने तेल चोळलं, सुरी घेतली आणि माझी लाल चिठ्ठी कुस्करून कचऱ्यात टाकली. "आता कशी घरातली झाली," मला थोपटून ती म्हणाली. मला तोंड असतं तर मी तिला चावले असते.

विमानात आईने मला खिडकीजवळ ठेवलं, तोच तिथली कर्मचारी आली. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"विमानात चालते असं लिहिलेली चिठ्ठी कुठे आहे?"

"आहे ना. ही इथे..." आईचा हात माझ्या कुशीवर फिरला. तिथे नुसता चिकटपणा होता. "होती हो. मी स्वतः वाचली होती."

"चिठ्ठी दिसल्याशिवाय ही सीट मला बसवू देता येणार नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, "झालं का तुमचं? आम्हाला जायचंय." बाबांनी मान खाली घातली. पलीकडच्या खुर्चीवर आजी बसली होती. तिला कळलं. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पण तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

माझी रवानगी सामानात झाली. पुढचं मला नंतर, इस्पितळातून परतताना गाडीत ऐकायला मिळालं. मोठ्यांच्या पट्ट्यातून टिल्ली खाली घसरत होती, म्हणून आईने तिला मांडीवर घेऊन घट्ट धरलं. मध्येच विमान गचकन खाली गेलं आणि टिल्ली हातातून सुटली. खुर्चीच्या दांड्याने तिची भुवई फोडली. पाच टाके पडले. गाडीत ती माझ्यात बसली होती, डोक्याला पट्टी, रडून रडून झोपलेली. आणि बाबा आईला म्हणत होते, "तूच नीट बघून घेतली नाहीस. चिठ्ठी नव्हतीच मुळी." माझ्या शेजारी आजी बाहेर बघत बसली होती.

ते वाक्य त्या घरात मुरलं. टिल्लीची भुवई दिसली की ते कोणाच्या तरी तोंडात यायचं. पहिल्यांदा आई भांडायची. मग तिलाच वाटू लागलं, की आपण दुसरीच कुठली तरी चिठ्ठी वाचली असेल. टिल्ली वाढली आणि मी माळ्यावर आले.

परवा मला खाली काढलं. टिल्लीची आत्या, आजीची लेक, आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन विमानाने परत जायची होती. "घेऊन जा," बाबा म्हणाले. "प्रत्येक जण काही चिठ्ठी बघत नाही. चालून जाईल." आत्या म्हणाली, "नाही चाललं तर घेईन की मांडीवर."

टिल्ली आता पहिलीत आहे. दिसेल ते वाचते. ती माझ्याभोवती फिरली आणि खाली बसली. माझ्या कुशीवरच्या जुन्या गोंदावर साडेचार वर्षांची धूळ बसून एक काळा चौकोन उमटला होता.

"आजी, इथे काय लिहिलं होतं?"

तिने आजीलाच का विचारलं, कोण जाणे. आजी समोर बसली होती म्हणून असेल. आजीने तिच्या भुवईकडे पाहिलं, मग आत्याच्या बाळाकडे.

"विमानात चालते, असं लिहिलं होतं," आजी म्हणाली. "मी खरवडलं. चष्मा न लावता. तुझ्या आईचं काही चुकलं नव्हतं." आत्याकडे वळून ती म्हणाली, "ही नेऊ नकोस. चिठ्ठी असलेली दुसरी घे."

आईच्या हातातला कपडा घडी घालता घालता थांबला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवसापासून." आणि ती आत निघून गेली. बाबा तिच्या मागे गेले, पण दार लागलं होतं. ते बाहेरच उभे राहिले. राहू देत.

टिल्लीने लाल खडू आणला आणि त्या चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिलं: चिठ्ठी नाही. विमानात नेऊ नका.

मित्रांनो, माझी कीव करू नका. फक्त घरातल्या वस्तूवरचं काही पुसायच्या आधी चष्मा लावा आणि ते वाचा. आणि आपल्या हातून पुसलं गेलं असेल, तर त्याच दिवशी सांगा.

आजीला मी माफ केलेलं नाही. परवा मला परत माळ्यावर चढवताना तिचं फडकं सवयीने त्या लाल अक्षरांपर्यंत आलं. तिने ती चष्मा लावून वाचली, त्यांच्या कडेकडेने धूळ पुसली आणि अक्षरं तशीच ठेवली.