तोफेच्या खड्ड्यातला बोहला

उल्काचं लग्न सरकारदरबारी लागून महिना झाला होता आणि तरीही ती बिनलग्नाची होती. निदान सांगलीत, तिच्या वडिलांच्या लेखी. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या श्टांडेसआम्टमधला, म्हणजे विवाहनोंदणी कचेरीतला, सहीशिक्क्याचा दाखला तिनं हौसेनं घरी पाठवला, त्यावर अण्णांचं उलट टपाली उत्तर आलं: 'कागदावर रेशन मिळते, लग्न होत नाही. अग्नीभोवती सात पावले चाललात तर फोटो पाठवा. तोवर या घरी पत्र टाकू नये.'

उल्का दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. "श्रीरंग, मंत्र तू म्हणायचेस." मी पडलो रंगांच्या रसायनाचा विद्यार्थी, मुंजीत पाठ केलेलं निम्मं विसरलेलो. पण इथल्या आम्हा सहा मराठी मंडळींत जानवं अजून माझ्याच गळ्यात होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी! नवरदेव भास्कर तर इतका घायकुतीला आला होता की मी पाढे म्हटले असते तरी त्याला चाललं असतं.

घोडं पेंड खात होतं ते अग्नीपाशी. माझी घरमालकीण खोलीत उदबत्ती लावू देत नव्हती, ती होम काय पेटवू देणार? सार्वजनिक बागेत पोलीस. शेवटी भास्कर ज्याच्याकडून भाजी आणायचा, त्या क्राउस नावाच्या शेतकऱ्याला गाठलं. जून लागला होता, गवत कापून रानभर वाळत टाकलेलं. "इथं काडी ओढलीत तर अख्खं गाव पेटेल," तो म्हणाला. "पण सिमेंटची एक जागा आहे."

कोबीच्या शेतापलीकडे मातीचा गोल बांध, आत पुरुषभर खोल खड्डा, तळाला काँक्रीट आणि मधोमध गंजक्या बोल्टांचं कडं. युद्धात इथं विमानं पाडायची तोफ होती. तोफ भंगारात गेली, खड्डा राहिला. गोळे ठेवायच्या कोनाड्यांत आता चिमण्यांनी संसार थाटले होते. वाऱ्याची झुळूक नाही. मी तर खूशच झालो. "अरे, इतका तयार बोहला सांगलीतसुद्धा मिळायचा नाही!" असं तीनदा म्हणालो.

क्राउस मात्र वरच्या पायरीवरच थांबला होता. "खाली तुम्ही जा. मी चौदा वर्षांत उतरलेलो नाही." का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला तुपाची काळजी होती.

रविवारी सगळं जय्यत होतं. लोणी कढवून तूप केलेलं, सफरचंदाच्या वाळक्या फांद्यांच्या समिधा, लोकरीच्या मुंडावळ्या. मोहन आणि सुधीर या दोघा मित्रांनी टेबलक्लॉथचा अंतरपाट धरला, वसुधानं कॅमेरा सरसावला, भास्कर पाटावर उभा राहिला. इंजिनियर आणि शास्त्रज्ञांनी मांडलेलं लग्न. सामानाची यादीसुद्धा टाइप केलेली. मी घसा साफ करून ओरडलो, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं!"

कुणी हललं नाही. यादीत मामाच नव्हता.

मोहननं अंतरपाट सोडला तर तो जमिनीवर येणार, वसुधानं कॅमेरा सोडला तर फोटो कुठला? उल्का बांधावर उभी, पिवळ्या साडीत, आणि शेजारी क्राउस, आग लागलीच तर म्हणून पाण्याची बादली घेऊन. मोकळा माणूस तेवढाच. मी तडतडत वर गेलो. मुहूर्त टळत होता आणि माझी चिडचिड वाढत होती.

उल्का त्याला समजावत होती, "मामा म्हणजे आईचा भाऊ. माझ्या आईला भाऊच नाही. तुम्ही मला हाताला धरून खाली न्याल का?"

क्राउस खड्ड्याकडे बघत राहिला. "मला बहीण होती," तो म्हणाला. "लोटे. या तोफेच्या टेलिफोनवर बसायची. बॉम्ब पडला तेव्हा बावीस वर्षांची होती. तिला मुलगी झाली असती तर..."

मला माझी लाज वाटली. त्याच्यादेखत मी या खड्ड्याचं केवढं कौतुक केलं होतं! उल्काचा चेहरा उतरला. "माफ करा. इथं नको. आम्ही दुसरीकडे बघू," ती म्हणाली. अण्णा, फोटो, मुहूर्त, सगळ्यावर पाणी सोडून म्हणाली, आणि मला म्हणाली, "श्रीरंग, आवर सगळं."

क्राउसनं बादली खाली ठेवली. हात विजारीला पुसले.

"आल्झो, तर मग," तो म्हणाला, "कुठल्या हाताला धरायचं?"

एकेक पायरी तो थांबत उतरला. खाली पोचल्यावर त्यानं उल्काच्या मागे उभं राहायचं होतं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो सैनिकासारखा ताठ उभा होता. मी तिसऱ्या मंगलाष्टकात अडखळलो आणि पहिलंच पुन्हा म्हटलं. अण्णांना फोटोत ते ऐकू येणार नव्हतं. सात पावलं झाली, वसुधानं सात फोटो काढले, आणि जेवायला क्राउसनं वाइनची बाटली आणली, तीही खाली खड्ड्यात.

फोटो सांगलीला गेले, मागे उल्कानं लिहिलं, 'मामाच्या जागी श्री. क्राउस'. जून गेला, जुलै गेला, गणपती झाले, उत्तर नाही. उल्का टपालपेटीजवळून जाताना मान वळवायला लागली. दिवाळीच्या तोंडावर पाकीट आलं, पण तिच्या नावाचं नाही. वर लिहिलेलं, 'श्री. क्राउस यांस, द्वारा उल्का.'

आम्ही तिघं शेतावर गेलो. क्राउस खड्ड्यात उन्हाला बसून पाव खात होता. "इथं वारा लागत नाही," तो जरा ओशाळून म्हणाला. उल्कानं पत्र उघडलं आणि जर्मनमधून सांगायला लागली.

'क्राउसदादांस उल्काची आई मालिनी हिचा नमस्कार. मला भाऊ नाही, म्हणून दर भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते. यंदा फोटोतल्या तुम्हाला ओवाळणार आहे. हे अजून घुश्शात असल्याचे दाखवतात, पण फोटोला चौकट त्यांनीच करून आणली. उल्काला सांगा, जावयांना घेऊन घरी ये, असे ते स्वतः म्हणाले. सोबत सुपारी आणि अक्षता.'

'घरी ये' हे शब्द उल्कानं आधी मराठीत म्हटले, मग जर्मनमधून. क्राउसनं पत्र पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"ती माझ्याहून मोठी की धाकटी?"

"धाकटी," उल्का म्हणाली.

"लोटेही धाकटीच होती." त्यानं सुपारी हातात घट्ट धरली. मला रडू आलं, सरळच सांगतो.

ओवाळून घेतलं की भावानं ओवाळणी घालायची असते, हे भास्करनं त्याला सांगितलं. क्राउस विचारात पडला. आठवड्यानं सांगलीला कोबीच्या बियांची पुडी रवाना झाली. पुडीवर मी कागदावर लिहून दिलेलं बघून, जीभ दातांत धरून, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'मालिनीस, दादाकडून.'