न मावणारा गुणाकार

चष्म्याची एक काडी, चिकटपट्टीने जोडलेली.

बाल्कनीत वाळणारे मोजे, जोडी न जुळणारे.

‘नोंदींची संख्या गुणिले एका नोंदीचा आकार.’ एका संगणक-प्रोग्रॅममधली, कैक वर्षं कोणी हात न लावलेली ओळ.

स्वयंपाकघरातून: “अहो, सुनेशी बोलणार आहात की त्या संगणकाच्या पडद्याशीच?”

सगळं एकाच घरातलं. सासरे निवृत्त झाले होते, पण नाडी मोजणाऱ्या यंत्रासाठी त्यांनी लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची संगणकाशी गाठ घालून देणारा प्रोग्रॅम, अजून दवाखान्यांतल्या संगणकांत चालत होता, आणि त्याची राखण तेच करत. आज त्यात कोणीतरी, सगळ्या प्रोग्रॅमरांना दिसेल अशा जाहीर यादीवर, दुरुस्ती सुचवली होती. संध्याकाळपर्यंत ती स्वीकारली नाही, तर ड्रायव्हर संगणक-प्रणालीच्या नव्या आवृत्तीतून गळणार होता. आणि ते कोणीतरी समोरच बसून वाटाणे सोलत होतं.

“सूनबाई, घरात सांगायचं सोडून चारचौघांत?”

“घरात तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता, बाबा.”

आतून सासूबाई हसल्या. “बरोब्बर ओळखलंय.”

“अगं, यंत्र मोजक्याच नोंदी पाठवतं. त्यांच्यासाठी मेमरीत मागितलेली जागा कमी पडेलच कशी?”

“यंत्र खरं बोलतंय तोवर नाही पडणार.”

हे त्यांना झोंबलं. त्यांनी चाचणीच्या संगणकात एक खोटं यंत्र रचलं, अवाच्या सवा आकडा सांगणारं. गुणाकार आकड्यांच्या ठरलेल्या घरांत मावेना. जुन्या गाडीच्या मीटरसारखा फिरून तो पुन्हा शून्यापाशी आला. ड्रायव्हरने चिमूटभर जागा मागितली आणि तीत पोतंभर नोंदी ओतायला लागला. शेजारची मेमरी तुडवली गेली. चाचणीचा संगणक आडवा.

मग त्यांनी सुनेची ओळ घातली. त्या ओळीतलं फंक्शन गुणाकार मावतो का ते आधी पाहायचं. न मावल्यास जागाच द्यायचं नाही. ड्रायव्हर गपगुमान मागे फिरला. संगणक ताठ उभा.

ते ती ओळ न्याहाळत राहिले. तिच्यात कसलीच चमक नव्हती. सोबतच्या टिपणात कोणाचं उणंदुणं नव्हतं: ‘आजवर बिघाड आढळलेला नाही. पुढेही होऊ नये म्हणून.’ एवढी वर्षं आपण यंत्रावर विश्वास टाकला. हिने तो टाकला नाही, आणि तरी कोणाला दुखावलंही नाही.

“ड्रायव्हर नोंदी वाचतो तिथेही असाच गुणाकार आहे,” ते म्हणाले. “तो सुटला तुझ्या नजरेतून.”

“नाही सुटला. तुमच्यासाठी ठेवला.”

“लबाड आहेस.”

त्यांनी तो स्वतः दुरुस्त केला आणि ऊन उतरायच्या आत दोन्ही बदल नव्या आवृत्तीसाठी पुढे पाठवले.

असा न तपासलेला गुणाकार असलेली पहिली ओळ सुनेने गेल्या हिवाळ्यात स्वतः लिहिलेल्या ड्रायव्हरमध्येच बदलली होती.