पाकळीच्या पायातली पिछाडी

मी एक जुनी पिछाडी आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या दारात मोटारसायकल असते, घोडी कुठून असायची! घोड्याला पुढून बांधतात ती अगाडी आणि त्याचे मागचे पाय मागे ताणून खुंटाला बांधतात ती पिछाडी. म्हणजे मी. शिरूर कासारच्या वच्छलाबाईंनी मला अंबाडीच्या वाखापासून वळलं. बाईंचा हात असा जबर, की पीळ देताना माझा जीव कासावीस झाला. "ही कुणाच्या बापाला तुटायची न्हाई," असं त्या बाजारात छातीठोक सांगत.

मला विकत घेतलं विजयसिंहांनी. ते गावचे पुढारी. माळेगावच्या जत्रेतून त्यांनी पाकळी नावाची पांढरीशुभ्र नाचरी घोडी आणली होती. हलगी वाजली की ती पुढचे पाय असे उचलायची, की बघणाऱ्याचं भान हरपावं. तिला काय कमी होतं? जरीची झूल, पायांत चाळ, डोक्यावर तुरा, कोरा करकरीत लगाम. नव्हतं ते फक्त फिरणं. "मोकळी सोडली आन् कुठं पाय मुरगळला तर?" असं म्हणून साहेबांनी तिला पत्र्याच्या शेडात जी बांधली, ती मिरवणूक असली तरच सोडायची. अशी दीड वर्षं गेली. माझं एक टोक तिच्या पायात, दुसरं खुंटाला. तिला हलता येईना, मला सुटता येईना. तुम्ही हसाल, की दोरीला कसलं आलंय अडकणं! एक दिवस स्वतःला बांधून घेऊन बघा, मग बोला.

लाड मात्र उतू जात होते. साहेब स्वतःच्या हातानं घमेलंभर हरभरे घालत, वर गूळ फोडत. येणारा-जाणाराही काहीबाही चारून जाई. माणूस वाईट नव्हता हो, तिच्यावर जीव होता त्यांचा. पण खूर कापून नाल ठोकायला नालबंदाला बोलवायचं आज-उद्या करत राहूनच गेलं. खूर वेडेवाकडे वाढले आणि खाल्लेलं सगळं तिच्या अंगी साठत गेलं.

साहेबांचा वाढदिवस आठ दिवसांवर आला होता. पाकळीला मिरवणुकीत नाचवायचं ठरलं होतं. एका सकाळी ती आपोआप पुढचे पाय उचलू लागली. उजवा, डावा, पुन्हा उजवा. हलगी नाही, काही नाही! साहेबांना आनंद मावेना.

"बघा, आपसूक नाचायलीय! वाजव बे!" मिरवणुकीच्या सरावाला आलेल्या हलगीवाल्यावर ते ओरडले. शेडापुढे ही गर्दी जमली. लोक मोबाइल वर धरून उभे राहिले, टाळ्या पडल्या.

तो नाच नव्हता. ते फक्त मला कळत होतं, कारण तिचं सगळं अंग माझ्याकडे मागे येत होतं. पुढच्या खुरांवरचा भार हलका करायला तिला मागचे पाय पोटाखाली घ्यायचे होते. ती ओढायची आणि मी धरून ठेवायची. मी कशी सोडणार? मला दुसरं काही येतच नव्हतं. तुटावं असं फार वाटलं, पण बाईंचा पीळ पक्का. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"अहो, तिनं घमेल्याला तोंड लावलं न्हाई," साहेबांच्या पत्नी सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"नाचायच्या नादात हाय ती," साहेब म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सुग्रीवतात्या पाणी प्यायला शेडापाशी थांबले. तात्यांचा सगळा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला. ते बराच वेळ बघत राहिले.

"ही कावून नाचायली, मालक?"

"लई खुशीत हाय, तात्या."

"खुशीतलं जनावर असे कान पाडत न्हाई. तुमी तिच्या खुराला कधी हात लावलाय का?"

हलगी थांबली. साहेबांनी तिच्या मानेवर हात ठेवून शंभर फोटो काढले होते, पण खुराला हात कधीच लावला नव्हता. त्यांना राग आला. "आमाला शिकवू नका," ते गुरगुरले. तोवर सत्यशीलाबाई पदर खोचून खाली बसल्यासुद्धा. त्यांनी पुढच्या खुरावर तळवा ठेवला.

"अहो, भट्टीवानी तापलंय हे! या इकडं, हात लावा."

साहेब वाकले. त्यांचा हात खुरावर तसाच राहिला. "ती दुखण्यानं पाय उचलायली," ते हळूच म्हणाले, "आन् मी टाळ्या पिटल्या."

मग ते माझी गाठ सोडायला लागले. तीन दिवसांच्या ओढीनं दगड झालेली गाठ ती. नखं मोडली, पण सुटेना. शेवटी तात्यांनी विळ्यानं मला कापलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण पाकळीनं मागचे पाय पोटाखाली घेतले आणि लांब सुस्कारा सोडला. मला रडताच येत नाही, नाहीतर रडले असते.

अंबाजोगाईहून जनावरांचे डॉक्टर आले. अति खाण्यानं आणि एका जागी बांधून ठेवल्यानं खुरांना आतून सूज आली होती. हरभरा, गूळ बंद झाला, पायांखाली मऊ वाळू आली, खुरांवर गार पाणी सुरू झालं. वाढदिवस घोडीविनाच झाला. पाकळी वाचली, पण तिचा नाच संपला. आता साहेब रोज तिचे चारही खूर हातात घेऊन साफ करतात, तिला माळावर चालवतात आणि नालबंदाची वारी चुकू देत नाहीत. मी दोन तुकडे होऊन कोपऱ्यात पडले आहे.

मित्रांनो, जनावर पाळाल तर झूल मागाहून आणा. आधी त्याला रोज मोकळं चालवा, बेतानं खाऊ घाला, पायाशी बसून त्याचे पाय बघा. त्याला काय होतंय हे त्याला सांगता येत नाही, आणि आम्हा दोऱ्यांनाही नाही.

परवा एक पाहुणे आले. मोबाइल काढून म्हणाले, "साहेब, नाचवा की जरा!"

साहेबांनी वाकून खुरावर हात ठेवला. खूर गार होता.

"न्हाई," ते म्हणाले. "निवांत उभी हाय ती. ते बघा की!"