शिवून घाल हं

"नीला, तुझं कापड कुठंय?"

अबेनाने विचारलं तेव्हा नीलांबरी हॉलच्या दारातच उभी होती. अंगात काळा ड्रेस, हातात पांढरी फुलं आणि समोर जांभळ्या कपड्यांतल्या बायकाच बायका. कुणाचा पायघोळ झगा, कुणाचा स्कर्ट-ब्लाउज, कुणाच्या बाह्या फुग्याच्या, कुणाला बाह्याच नाहीत. पण कापड सगळ्यांचं एकच. जांभळ्यावर पिवळे पक्षी. ते पक्षी नीलांबरीच्या चांगलेच ओळखीचे होते.

आजचं कार्य शादेच्या आईचं होतं. शादे आणि नीलांबरी अमेरिकेत, कॅरी गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये शेजारी शेजारी बसून लोकांचं रक्त काढायच्या. शादे नायजेरियाची. आई तिकडे गावी वारली आणि हिचं ग्रीन कार्ड नेमकं रिन्यूअलला अडकलेलं. जाता आलं नाही. मग तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, आपण इथेच करू. म्हातारं माणूस नातवंडं-पतवंडं बघून गेलं की त्यांच्यात रडत बसत नाहीत, वाजतगाजत निरोप देतात.

या मैत्रिणींचा एक गट होता, 'अवर सिस्टर्स' नावाचा. नायजेरिया, घाना, कॅमेरून, जिथून जी आली ती इथे सिस्टर. नव्याने आलेलीला ड्रायव्हिंग शिकवायचं, बाळंतिणीला स्वयंपाक पोचवायचा, नर्सिंगच्या परीक्षेला बसणारीची पोरं सांभाळायची, पोरांना आपली भाषा आणि आपली गाणी शिकवायची, असा त्यांचा कारभार. अबेना त्यातली सगळ्यांत थोरली, घानाची. या सगळ्यांत बाहेरची म्हणावी अशी एकटी नीलांबरी, सांगलीची. तिला आणलं शादेने. नीलांबरी नवीन नवीन सुई धरायला शिकत होती तेव्हा शादेने स्वतःचे हात पुढे केले होते. दोन्ही हातांवर निळे डाग उठले, तरी म्हणायची, "टोच गं, मला काही होत नाही." त्यानंतर मैत्री व्हायला वेगळं काही करावंच लागलं नाही.

आणि महिन्यापूर्वी लंच ब्रेकमध्ये शादेने हे जांभळं कापड तिच्या हातात ठेवलं होतं. "हे तुझं. शिवून घाल हं."

त्यांचं सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीतून. पण मराठी बाईला कुठल्याही भाषेत कुणी कापड देऊन 'शिवून घाल' म्हटलं, की ती काय समजणार? ब्लाउजपीस देणारी तसं म्हणते, घेणारी "हो हो, नक्की" म्हणते, आणि तो ब्लाउजपीस न शिवता या कपाटातून त्या कपाटात जन्मभर फिरत राहतो. कधीकधी फिरून पहिल्या घरीही येतो. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण देणारीलाही तो कुणीतरी दिलेलाच असतो. सिस्टर्सपैकी एकीच्या लग्नात तिने सगळ्यांना एकाच कापडात पाहिलंही होतं, पण त्या नात्यातल्या असतील असं तिने धरून टाकलं. "कशाला गं उगीच!" असं ती शादेला म्हणाली, कापड घरी नेऊन देण्याघेण्याच्या खणात ठेवलं, आणि पुढच्याच रविवारी मराठी मंडळातल्या मोनाच्या वास्तुशांतीला नारळाबरोबर देऊन टाकलं.

ते कापड घरच्या लेकीसुनांसाठी असतं, ज्यांनी कार्यात यजमान म्हणून उभं राहायचं त्यांच्यासाठी, हे तिला आज या दारात, सगळ्यांकडे बघून कळलं.

"कापड ना?" नीलांबरी म्हणाली. खरं सांगायला तिला तेवढा एक क्षण मिळाला होता. "अगं, शिंप्याने वेळेवर दिलंच नाही."

"शिंपी!" अबेनाने कपाळावर हात मारला. आजूबाजूच्या पाचसहा जणी एकदम बोलायला लागल्या. एकीच्या लग्नाचा झगा शिंप्याने बाह्यांशिवाय पाठवला होता, दुसरीच्या शिंप्याने फोनच उचलायचा बंद केला होता. शिंप्यांच्या बाबतीत सगळ्या जगाच्या बायका एक आहेत. गलका ऐकून शादे आली. डोक्याला जांभळ्याच कापडाचा हा एवढा उंच फेटा. त्याला त्या 'गेले' म्हणतात. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा कोण गेले म्हणून नीलांबरी दचकली होती.

"कोण आहे तो शिंपी? त्याची सुई मोडू दे, दोरा तुटू दे!" शादे म्हणाली. मग तिने स्वतःच्या खांद्यावरचं त्याच कापडाचं उपरणं काढलं, नीट घडी घातली आणि नीलांबरीच्या काळ्या ड्रेसवर टाकलं. "चल. माझ्या आईला मुली कमी पडायला नकोत."

नीलांबरी रांगेत उभी राहिली. ढोल वाजला. एका वृद्ध बाईने मुलींची नावं पुकारली, त्यात तिचंही नाव आलं, आणि ती सगळ्यांबरोबर पावलं टाकत पुढे गेली. तिची स्वतःची आई गेली तेव्हा ती अशीच इथे अडकली होती. शादेने तेव्हा फोन करून दोनच गोष्टी विचारल्या होत्या: तुमच्यात काय घालतात आणि काय खात नाहीत? मग ती पांढऱ्या कपड्यांत आली, दुखऱ्या गुडघ्यांनी गालिच्यावर बसली आणि सांगलीहून व्हिडिओवर जे दिसत होतं ते नीलांबरीचा हात धरून शेवटपर्यंत बघत राहिली. शादेने विचारलं होतं. आपण साधं विचारलंही नाही, या विचाराने नीलांबरीला रडू आलं. बायकांना वाटलं, किती जीव आहे हिचा.

परतताना गाडी लेक नेत्रा चालवत होती. कॉलेजातली ही मुलगी आईशी बोलायची ती निम्म्याहून जास्त इंग्रजीतच.

"वेट. आई, यू रीगिफ्टेड इट?"

"रीगिफ्ट काय? आपल्यात देतातच की."

"जस्ट टेल हर. शी'ल लाफ."

"सांगेन गं. आधी ते परत तर आणू दे. शिवून घेते, घालून दाखवते, मग हसत हसत सांगते."

"दॅट्स नॉट टेलिंग," नेत्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नीलांबरी मोनाकडे गेली. मोना तिच्याहून बरीच लहान, पुण्याची, मंडळात नुकतीच आलेली. दार उघडल्या उघडल्या तिने काकूंना ओढत मागच्या डेकवर नेलं.

"काकू, बघा तरी! तुमच्या कापडाचं काय केलं मी!"

टेबलावर जांभळी पट्टी अंथरली होती. तिच्यावर सॉसची बाटली, आणि बाटलीखाली एका पक्ष्याला चिकटलेला लाल डाग.

"टेबल रनर केला. आणि उरलेल्याचे बटवे शिवले. हळदीकुंकवाला रिटर्न गिफ्ट म्हणून सगळ्यांना वाटले. यार, इतकं कौतुक झालं ना! मी सगळ्यांना सांगितलं, कापड नीलाकाकूंचं आहे."

"छान केलंस," नीलांबरी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मोनाची त्यात काही चूक नव्हती. तिने तर शिवलं तरी. चहा घेऊन नीलांबरी घरी आली आणि नेटवर तसं कापड शोधत बसली. जांभळी पुष्कळ होती, पक्षीही होते, पण ते पक्षी नव्हते.

शादे अधूनमधून विचारायची, "दिला का गं तुझ्या शिंप्याने?" आणि नीलांबरी म्हणायची, "देतो म्हणतोय." रोज घरून निघताना ती ठरवायची, आज सांगायचंच. पण लॅबमध्ये पोचली की माणसांची रांग लागलेली असायची, आणि रांग नसली तर शादे खुशीत असायची. खुशीत असलेल्या माणसाला असलं काही कसं सांगायचं? एकदा न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त जड जातं, आणि ते ओझं तिने स्वतःच वाढवत नेलं.

शेवटी सुचित्राकाकू उपाशीपोटी शुगर तपासायला आल्या. मंडळातल्या जुन्या, सगळ्यांच्या लाडक्या. नीलांबरीच्या खुर्चीत दुसरा पेशंट होता म्हणून त्या शादेसमोर बसल्या. मांडीवर बटवा. जांभळा, त्याच्यावर पिवळा पक्षी.

"सुंदर आहे," शादे म्हणाली. हातमोजे चढवताना ती थांबली होती. "कुठे मिळाला?"

"रिटर्न गिफ्ट!" काकू आपल्या ठसक्याच्या इंग्रजीत म्हणाल्या. "नीला गेव्ह द क्लॉथ टू मोना. मोना मेड बॅग्ज फॉर एव्हरीबडी. व्हेरी टॅलेंटेड गर्ल!" आणि नीलांबरीकडे वळून मराठीत, "हो की नाही गं?"

नीलांबरीला "हो" म्हणावं लागलं.

शादेने काकूंच्या दंडाला पट्टा बांधला. "मूठ घट्ट मिटा," ती म्हणाली. पहिल्याच टोचणीत शीर सापडली. कापसाचा बोळा दाबून तिने काकूंना सांगितलं, "आता घरी जाऊन आधी काहीतरी खा." तिच्या आवाजात काहीही फरक नव्हता.

दुपारी ब्रेकरूममध्ये नीलांबरी तिच्यासमोर जाऊन बसली. "शादे, मला खरंच माहीत नव्हतं. आमच्यात कापड असं एकमेकींना..."

"तुला माहीत नव्हतं हे मला कळलं," शादे म्हणाली. "माहीत नसेल तर नसेल. मला तरी तुमचं कुठे माहीत होतं? मी विचारलं."

"हो."

"पण शिंपी, नीला? मी सगळ्यांसमोर त्या शिंप्याला शिव्या दिल्या. महिनाभर देतेय. आणि असा कुणी माणूसच नाही." ती जराशी हसली. "बिचारा."

"मला लाज वाटली गं. तेव्हा वाटली, मग रोजच वाटत गेली. सॉरी."

"इट्स ओके," शादे म्हणाली आणि तिने डबा पुढे केला. तळलेली केळी होती. नीलांबरीने एक फोड घेतली. शादे भांडली असती, दोन दिवस बोलली नसती, तर बरं झालं असतं. मग समजूत घालता आली असती. पण ती आधीसारखीच गोड बोलत राहिली, आणि शिंप्याबद्दल पुन्हा कधीही विचारलं नाही.

वसंतात अबेनाच्या मुलीचं लग्न ठरलं. लॅबच्या पार्किंगमध्ये शादेच्या गाडीच्या डिकीत हिरव्या कापडाच्या घड्या दिसल्या. नीलांबरी वाट बघत राहिली. तिने एक शिंपीणही शोधून ठेवली होती, मॉरिसव्हिलमध्ये, वेळेवर देणारी. शुक्रवारी शादे म्हणाली, "लग्नाला येशील ना? काहीही घाल गं. तुला काय, सगळंच छान दिसतं."

नीलांबरी पैठणी नेसून गेली. सवयीने थेट स्वयंपाकघरात शिरली, पदर खोचला आणि भाताच्या पातेल्यातला डाव उचलला. हिरव्या कापडातल्या अबेनाने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला. "तू आज बस. साडी खराब होईल."

तिला सगळ्यांत पुढच्या टेबलावर बसवलं. तिथे मुलाकडची माणसं होती, पांढरा टेबलक्लॉथ होता, फुलं होती. सगळ्यांच्या आधी तिचं ताट आलं. ते शादेने स्वतः आणलं. लाल जॉलॉफ भात, माशाचा मधला मोठा तुकडा.

"तिखट जास्त नाही ना होणार तुला?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"नाही गं. छान झालाय भात."

"मग सावकाश होऊ दे," शादे म्हणाली, तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि आत, बहिणींमध्ये, निघून गेली.