फेक आणि बस

नलूच्या हाताला नेम आहे, हे साऱ्या वाडीला गेल्याच आठवड्यात कळलं. त्याआधी ती नुसती नववीतली, दोन वेण्यांची, वर्गात पाठ म्हणताना त त प प करणारी मुलगी होती.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगाव पेटलं होतं. कोपऱ्यावर टायर जळत होते, अश्रुधुरावर उतारा म्हणून घरोघर कांदे फोडून ठेवले होते. वाडीचा नियम एकच. पोलीस आत शिरले की पहिल्या गॅलरीतून कुणीतरी थाळी बडवायची. थाळी वाजली की हाताला लागेल ते उचलायचं, खाली फेकायचं आणि लगेच कठड्याआड बसायचं. कुठे पडलं ते बघायला डोकं वर काढलं, तर गोळी यायची. फेक आणि बस!

नलूच्या हाताला लागला खलातला पितळी बत्ता. तिने तो तिसऱ्या मजल्यावरून असा भिरकावला की शेजारची लतिका ओरडलीच, "अगं नले, काय हात आहे की तोफ!"

ती तोफ दोन दिवस जमिनीला पाय लावत नव्हती. तिसऱ्या दिवशी अप्पांनी कचेरीच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेला तोच बत्ता काढला आणि तिच्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटेच घराला कुलूप लागलं.

विहारच्या तलावावर सहलींची झुंबड, म्हणून अप्पांनी डोंगरापलीकडचा एक बिननावाचा तलाव शोधला होता. काठावर त्यांच्या साहेबाचा कौलारू बंगला, राखणदार धोंडू, त्याची नलूच्याच वयाची मुलगी दुर्गा आणि वालाच्या शेताचा एक तुकडा. बाकी नुसतं पाणी आणि बगळे.

"आठ दिवस इथे शांत राहायचं," अप्पा म्हणाले. "हात नुसता उगारलास तरी शाळा बंद. थेट इंदूरला मावशीकडे."

"मी काय कुणाला मारत सुटलेय?" नलू म्हणाली. पण इंदूर म्हणजे... शाळा नाही, लतिका नाही, वाडी नाही!

दोन दिवस ती शहाण्यासारखी वागली. पाण्यात पाय सोडून बसली, आईबरोबर वालाच्या शेंगा सोलल्या, दुपारी झोपलीसुद्धा. इथे घड्याळसुद्धा जांभया देत चालतं, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती काठावर डुलक्या काढत होती. एवढ्यात झाडीपलीकडे थाळी वाजली. ठण् ठण् ठण् ठण्!

नलूला तळं दिसलं नाही, झाडी दिसली नाही. हाताने दगड उचलला, हाताने फेकला आणि ती धपकन खाली बसली.

"आयेऽऽ!"

थाळी गरगरत दगडांवर पडली. नलू बसूनच होती. मग उठली आणि धावली.

वालाच्या बांधावर दुर्गा डोकं धरून गुडघ्यांवर बसली होती. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. ज्यांना हाकायला ती थाळी बडवत होती, ती माकडं आता बेधडक शेंगा ओरबाडत होती.

"तू मारलास?"

"मला वाटलं पोलीस..."

"मी पोलीस दिसते तुला?"

पुढचं बोलणं झालंच नाही. दुर्गाने तिच्या दोन्ही वेण्या धरल्या आणि फरफटत पाण्यात नेलं. नलूने तिच्या मनगटाला चावा घेतला. दुर्गाने कानाखाली वाजवली, तोंड पाण्यात दाबलं. नलूच्या नाकात चिखल गेला, ओठ दातांवर फाटला, छाती फुटायला आली. पाणी लाल झालं ते कुणाच्या रक्ताने, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. धोंडूने दोघींना मानेला धरून ओढलं, तेव्हा कुठे अप्पांची ती शांत सुट्टी पाण्यातून बाहेर आली.

अप्पांनी रुमाल दुर्गाच्या कपाळावर दाबला. तो बघता बघता भिजला.

"कुणी केलं हे?"

दुर्गा काही बोलायच्या आत नलू म्हणाली, "मीच. मी फेकला."

"बांधा बोचकं. इंदूर."

नलू रडली नाही. तिची नजर त्या रुमालावरून हलेना. "अप्पा, बत्ता कुठे पडला होता?"

अप्पांनी रुमालाची घडी उलटून पुन्हा दाबली. "एका हवालदाराच्या खांद्यावर. मी वाडीच्या दारातच होतो, बत्ता मीच उचलला. हाड मोडून वर आलं होतं. बावीस-तेवीसचा पोर. 'आई गं' म्हणून ओरडला. मराठीतच."

धोंडू घसा खाकरून म्हणाला, "सायेब, पोरीला काय इंदूरला धाडायचं ते मागनं धाडा. हिचं डोकं फुटलं, आता माकडं कोन हाकनार?"

अप्पांनी नलूकडे पाहिलं. "ऐकलंस? हिची जखम भरेपर्यंत राखण तुझी. इंदूरचं त्यानंतर बघू."

संध्याकाळी नलू थाळी घेऊन बांधावर उभी राहिली. सुजलेला ओठ, अंगाला चिखलाचा वास. डोक्याला फडकं बांधलेली दुर्गा तिच्यावर पहारा करायला बसली होती. माकडं पुन्हा बांधावरच्या आंब्यावर आली. दुर्गाने एक दगड तिच्या हातात ठेवला.

"मार. पन बघून मार."

नलूने बघितलं. फांदीवर हुप्प्या होता, त्याच्यामागे पिल्लाला पोटाशी धरलेली एक माकडीण. तिने नेम खाली आणला. दगड बुंध्यावर ठाण्कन आपटला, फांद्या हादरल्या, सगळी फौज पळाली.

"बरा हाय हात," दुर्गा म्हणाली.

दगड कुठे पडला, ते नलू अजून बघत होती. उभीच होती.