दोन पांढऱ्या भिंती

बेट एवढंसं, पण आक्काच्या भिंतीची कीर्ती मोठी. समुद्राकडची ती भिंत आक्का दर वर्षी चुन्यानं अशी झगझगीत करायची की, म्हणे, खाली पाण्यात मासेसुद्धा डोळे मिटून पोहायचे. बाकी घरं काळ्या दगडाची, मुद्दाम तशीच ठेवलेली. टेकडीवरचं एकटं झाड आणि ही भिंत एका रेषेत आली, की बंदराच्या तोंडाशी दडलेल्या खडकांमधून होडीला वाट सापडे. जुन्या माणसांचा दंडकच होता, पांढरं घर एकच.

पुढं जुनी माणसं पोटामागे निघून गेली. गाव इतकं ओस पडलं की कुत्र्यांना भुंकायला पाहुणा उसना आणावा लागे. होडी हाकणारा एकच उरला, आक्काचा भाऊ. साठी उलटली तरी धाकटाच. डोळे अधू, बढाया शाबूत.

"एवढा मासा लागला, आक्का, की त्यानंच मला घरापर्यंत ओढत आणलं!"

"मग जेवायला का नाही थांबवलंस त्याला?" आक्का म्हणायची. पण तो समुद्रावर गेला की परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

मग लांबून नवी माणसं आली. गंजलेली कुलपं निघाली, घरांवर मजले चढले, जाळी वाळायची त्या माळावर गल्ल्या झाल्या. आक्काच्या शेजारच्या पडक्या घरात एक गवंडी बायकोपोरांसह राहायला आला. भला माणूस. भिंती उभ्या राहिल्यावर कुंपणाशी येऊन म्हणाला, "आक्का, तुमच्यासारखाच पांढरा लावू का? शोभेल?"

दंडक सांगणारं धाकट्याशिवाय गावात कुणी उरलं नव्हतं. आक्का तर जन्मात होडीत बसली नव्हती. भिंत तिनं जमिनीवरूनच पाहिलेली. पांढरं दिसलं की धाकटा घरी येतो, एवढंच तिला ठाऊक. त्याचे डोळे तिला आठवले.

"लाव की! जेवढं जास्त पांढरं, तेवढं त्याला लांबून दिसेल."

उरलेला चुनाही तिनंच बादली भरून दिला.

धाकटा तेव्हा समुद्रावरच होता. दिवस कलताना होडी आली ती थेट खडकावर. गवंड्यानं पाण्यात उडी घेऊन त्याला ओढून काढला. होडीच्या मात्र फळ्याच तेवढ्या किनाऱ्याला आल्या.

"मला एक आक्का झेपत नाही," खाटेवर पडल्या पडल्या धाकटा म्हणाला, "तिथं दोन दिसल्या. नेमकी खोटी धरली." हसायला गेला आणि कळवळला. कंबर कामातून गेली होती.

"चुना मीच दिला रे."

"ते कळलंच. असला पांढरा दुसऱ्या कुणाला जमतोय?"

त्याची लेक येऊन त्याला शहरात घेऊन गेली. "तूही चल, आत्या," म्हणाली. आक्कानं धाकट्याचं गाठोडं तेवढं तिच्या हाती दिलं. लाँचमध्ये धाकट्याला पाठमोरं बसवलं होतं, त्यामुळे त्याला ना भिंत दिसली, ना आक्का.

गवंडी खाली मान घालून दारात आला. "आक्का, आजच खरवडून टाकतो."

"आता कुणासाठी? राहू दे."

तो घुटमळला. नव्या बिऱ्हाडाच्या बांधकामाची वाळू आली होती, ती कुठं टाकू म्हणून मजूर विचारत होते. होडी ओढून ठेवायच्या उतरणीकडे आक्कानं बोट केलं.

"तिथं ओता," ती म्हणाली. "ती जागा रिकामीच आहे."